खाटा भरल्या, तरी शिल्लक का नाही? नागपुरातल्या सशुल्क वृद्धाश्रमांची पार्श्वभूमी

राज्यात १९६३ पासून चालत आलेली वृद्धाश्रम अनुदान योजना निराधारांसाठी होती. १९९५ मध्ये आलेल्या मातोश्री वृद्धाश्रमांनी पैसे भरून राहणाऱ्यांनाही दार उघडलं. आई-वडील आणि ज्येष्ठ नागरिकांच्या देखभालीसाठीच्या २००७ च्या कायद्याचं कलम १९ मात्र पुन्हा निर्धनांवर आलं: जिल्ह्याला किमान एक वृद्धाश्रम, तिथे किमान १५० जणांची सोय. ज्याला पेन्शन आहे, घर आहे, पण मुलं पुण्याला नाहीतर परदेशात आणि रात्री उठवून बसवायला कुणी नाही, त्याचा विचार त्या कलमात नाही. ती गरज नागपुरात बेसा, हिंगण्याकडच्या भाड्याच्या बंगल्यांनी भागवायला घेतली.

सुरुवातीचं गणित सोपं होतं. वीसेक खाटा, सगळ्यांना एकच दर, हिंडते-फिरते आजी-आजोबा. भाडं, स्वयंपाकघर, पगार ठरलेले, त्यामुळे अर्ध्याहून जास्त खाटा भरल्या की पुढची प्रत्येक खाट शिलकीत. बिघाड तिथेच दडला होता. चालत आलेला माणूस काही वर्षांत अंथरुणाला खिळतो, दर मात्र प्रवेशाच्या दिवशीचाच राहतो. सरकारी पेन्शनवरचा महागाई भत्ता वर्षातून दोनदा सुधारतो. वृद्धाश्रमाच्या करारात वाढीचं कलमच नसतं.

खिळलेल्या माणसाचा खर्च डायपरपेक्षा माणसांच्या तासांत जास्त आहे. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून दर दोन तासांनी कूस बदलावी लागते, म्हणजे दिवसाला १२ वेळा. असे आठ जण असतील तर ९६ वेळा. दर वेळी दोन जणी आणि दहा मिनिटं धरली, तर ३२ तास होतात. १२ तासांच्या अडीचहून जास्त पाळ्या फक्त यातच जातात. पैसे वाचवायला रात्रपाळीत एकटी मावशी ठेवली, की सर्वांत आधी हे कूस बदलणंच चुकतं. मग माकडहाडावर लाल चट्टा, ड्रेसिंग, दवाखाना. खाट रिकामी पडते आणि म्हाताऱ्या जिवाचे हाल होतात ते वेगळेच.

या दुखण्यात २०१७ पासून जीएसटीची भर पडली. निवासी देखभालीला दर १८ टक्के. जुलै २०१८ मध्ये सवलत मिळाली ती सरकारी आणि आयकर कायद्याखाली धर्मादाय म्हणून नोंदलेल्या संस्थांच्या वृद्धाश्रमांना. रहिवासी ६० किंवा त्याहून जास्त वर्षांचा, आणि माणशी महिना २५,००० रुपयांपर्यंतच. शिवाय या रकमेत राहणं, जेवण आणि देखभाल तिन्ही आलं पाहिजे. सगळा घोळ ‘देखभाल’ या शब्दात आहे. डायपर, खासगी आया, फिजिओथेरपी यांचं बिल वेगळं फाडलं, तर ते देखभालीत धरायचं की नाही? धरलं तर खिळलेल्या रुग्णाचा आकडा सहज २५,००० ओलांडतो. आणि व्यक्तीच्या मालकीचा वृद्धाश्रम असेल, तर सवलतच नाही. वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेली की नोंदणी करावीच लागते. १८,००० दराच्या दहा खाटासुद्धा २१ लाख ६० हजारांवर जातात. घरच्यांकडून २०,००० करासह घेतले, तर ३,०५१ रुपये कराचे. मुख्य खर्च पगाराचा, आणि पगारावर इनपुट क्रेडिट, म्हणजे खर्चावर आधी भरलेल्या कराची वजावट, मिळत नाही. म्हणून अनेकांनी ट्रस्टची वाट धरली. शेजारच्या दोन बंगल्यांत तीच आजी, तीच सेवा, आणि कर ठरतो फलकावर कुणाचं नाव आहे यावर. हे अन्यायाचं आहे.

मार्च २०२० च्या टाळेबंदीत नवे प्रवेश थांबले, कर्मचारी आतच राहिले. दुसऱ्या लाटेत नागपुरातल्या दवाखान्यांत खाटा मिळेनात, तेव्हा ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर आणि ब्रदर (पुरुष परिचारक) ठेवलेल्या वृद्धाश्रमांची किंमत कळली. त्यानंतर खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतरचा महिना-दीड महिन्याचा मुक्काम हा वेगळा व्यवहार म्हणून रुजला. त्यात आकारणी दिवसावर असते, म्हणून शिल्लकही बरी. पण तो रुग्ण गेला की खाट पुन्हा रिकामी.

आता टिकून आहेत ते वृद्धाश्रम दराच्या तीन पायऱ्या लावतात: हिंडता-फिरता, आधाराने चालणारा, खिळलेला. आंघोळ, कपडे, शौचाला जाणं, उठबस, लघवी-शौचावरचा ताबा आणि जेवण या सहा गोष्टींवर पायरी ठरते. तपासणी दर तीन महिन्यांनी. प्रवेशाच्या दिवशी या सहा गोष्टी, वजन आणि अंगावरच्या जुन्या जखमा कागदावर मांडून घरच्यांची सही घेतली नाही, तर पुढे पायरी वाढवताना वाद होतो आणि खर्च वृद्धाश्रमाच्याच माथी बसतो.