साइझच्या आकड्याला एकक नाही

भाचीचा फोन आला तेव्हा ती रडवेली झाली होती. नेहमीच्या साइझचा ड्रेस मागवला होता, तो छातीत अडकला. "मामा, 'दोन महिन्यांत एवढी जाड झालीस का गं' म्हणते आई." मी तिला विचारलं, वजन किती? तेवढंच होतं. जुना ड्रेस होतो का? व्यवस्थित होत होता. म्हणजे शरीर होतं तिथेच होतं, आकडा हलला होता. आणि ती दोष देत होती शरीराला.

फोन ठेवला आणि कपाटातल्या माझ्या तीन पँट काढून जमिनीवर अंथरल्या. तीन वेगळ्या कंपन्यांच्या, तिन्हींवर 34 छापलेलं. टेप लावला. एकीची कंबर साडेचौतीस इंच भरली, दुसरीची जवळपास छत्तीस, तिसरीची सदतीस. इंच हे तर ठरलेलं एकक आहे, त्याची लांबी जगभर 2.54 सेंटिमीटरच आहे. तरी पट्ट्यावरचा 34 इंच आणि टेपवरचा 34 इंच यांचा मेळ नाही. 2010 मध्ये अमेरिकेतल्या 'एस्क्वायर' मासिकासाठी एका लेखकाने 36 इंची म्हणून विकल्या जाणाऱ्या पँट अशाच मोजल्या होत्या. त्या 37 पासून 41 इंचांपर्यंत निघाल्या.

याला व्हॅनिटी सायझिंग म्हणतात. मराठीत मी त्याला खुशामती माप म्हणेन. कपडा मोठा शिवायचा आणि त्यावर आकडा लहान लावायचा. घेणाऱ्याला बरं वाटतं, कपडा खपतो. हे खरं आहे, पण सगळा घोळ एवढ्यावर संपतो असं समजणं चूक आहे. सगळ्या कंपन्या उद्या अगदी प्रामाणिक झाल्या तरी भाचीचा ड्रेस अडकू शकतो. त्यामागे गणित आहे, आणि मला त्याच गणिताबद्दल सांगायचं आहे.

1950 साली अमेरिकी हवाई दलाने आपल्या 4,063 वैमानिकांची मापं घेतली. कॉकपिट सरासरी माणसाच्या बेताने बांधलेले होते, तरी वैमानिकांना विमान हाताळणं जड जात होतं. आकडेवारी तपासायला गिल्बर्ट डॅनियल्स नावाचा तरुण संशोधक होता. त्याने दहा मापं निवडली आणि एक साधा प्रश्न विचारला: या दहाही मापांत सरासरीच्या आसपास असलेले किती जण आहेत? "आसपास" शब्दाला त्याने ऐसपैस जागा दिली होती. नेमकी सरासरी नको, तिच्या दोन्ही बाजूंचा पट्टा धरला तरी चालेल.

उंचीच्या चाळणीतून 1,055 जण उरले, म्हणजे साधारण चौथा हिस्सा. त्यांतले छातीच्या घेरातही सरासरीच्या आसपास असलेले 302. त्यांतून बाहीच्या लांबीची चाळणी लावल्यावर 143. मग जमिनीपासून जांघेपर्यंतची उंची: 73. धडाचा घेर: 28. सीट, म्हणजे नितंबांचा घेर: 12. गळा: 6. कंबर: 3. मांडी: 2. दहावं माप लावलं आणि हाती शून्य आलं. चार हजारांत एकही सरासरी माणूस नव्हता. आणि हे वैमानिक म्हणजे आधीच शरीरयष्टी पाहून निवडलेले तरुण.

हा किस्सा बरेच जण "सरासरी माणूस नसतोच" एवढं सांगून सोडून देतात. मला त्या उतरत्या आकड्यांत त्याहून जास्त काही दिसतं. जरा कागद-पेन्सिल घ्या.

उंचीच्या चाळणीतून 26 टक्के लोक पार झाले. छातीची चाळणीही साधारण तेवढ्याच भोकांची धरू. उंची आणि छाती यांचा एकमेकांशी काहीच संबंध नसता, तर 1,055 चे 26 टक्के म्हणजे सुमारे 274 जण उरले असते. प्रत्यक्षात उरले 302. फरक फार नाही. याचा अर्थ, माणसाची उंची कळली तरी त्याच्या छातीबद्दल आपल्याला जवळजवळ काहीच कळत नाही. आता पुढची पायरी पाहा. 302 मधून बाहीच्या चाळणीतून 143 गेले, म्हणजे 47 टक्के. इथे गळती एकदम कमी झाली. कारण बाहीची लांबी उंचीबरोबर चालते, त्यामुळे उंचीत मध्यम असलेला माणूस बाहीतही मध्यम असण्याची शक्यता जास्त. पायांच्या उंचीतही तेच, 143 मधले 73.

म्हणजे शरीराच्या मापांची दोन घराणी आहेत. एक लांबीचं: उंची, हात, पाय. दुसरं घेराचं: छाती, कंबर, सीट, मांडी. प्रत्येक घराण्यात आपापसांत बऱ्यापैकी जिव्हाळा आहे, पण या घराण्याचं त्या घराण्याशी येणं-जाणं फार कमी. लांबीच्या घराण्यात बहुतांश कारभार हाडांचा. घेराच्या घराण्यात स्नायू आणि चरबी येतात, आणि ती आयुष्यभर कमी-जास्त होत राहतात.

बरं, घराण्याच्या आत तरी सगळं आलबेल आहे का? समजा छाती आणि कंबर यांचा सहसंबंध 0.8 आहे. सहसंबंध म्हणजे दोन गोष्टी किती एकसाथ चालतात याचा आकडा. 0 म्हणजे काहीच संबंध नाही, 1 म्हणजे अगदी बांधलेल्या. 0.8 ऐकून वाटतं, छाती कळली की कंबर कळलीच. पण संख्याशास्त्रात उरलेली अनिश्चितता निघते ती 1 वजा 0.8 चा वर्ग, त्याचं वर्गमूळ. 0.8 चा वर्ग 0.64, एकातून वजा केला तर 0.36, त्याचं वर्गमूळ 0.6. म्हणजे कमरेच्या मापांतला पसारा आधी 10 सेंटिमीटरचा असेल, तर छाती कळल्यावरही तो 6 सेंटिमीटर उरतो. इतक्या घट्ट संबंधातूनही निम्म्याहून जास्त अंधार शिल्लक! म्हणून छातीवर बेतलेला तयार ड्रेस कमरेवर नीट बसणं यात नशिबाचा वाटा मोठा.

सहा सेंटिमीटर म्हणजे काय मोठंसं, असंही वाटू शकतं. शाळेतलं सूत्र आठवा: घेर म्हणजे 2π गुणिले त्रिज्या. घेर एक इंचाने वाढला तर त्रिज्या 2.54 भागिले 6.28, म्हणजे अवघी 4 मिलिमीटर वाढते. शरीराभोवती सगळीकडून 4 मिलिमीटरचा थर. कपडा एक साइझ घट्ट किंवा सैल वाटतो तेव्हा आपण एवढ्याशा जागेबद्दल बोलत असतो. त्यामुळे शिवणकामातली बारीक चूकही लगेच अंगाला कळते. पँटच्या कमरेत चार उभ्या शिवणी येतात, पुढे-मागे आणि दोन्ही बाजूंना. प्रत्येक शिवणीत दोन्हीकडची माया, म्हणजे शिवणीच्या आत दुमडलेलं कापड, 2 मिलिमीटर जास्त दाबली गेली, तर एका शिवणीत 4 आणि चारांत मिळून 16 मिलिमीटर कंबर कमी होते. त्यात कापड थरांवर थर रचून एकदम कापलं जातं, कापताना थर सरकू शकतो, आणि सुती कापड धुतल्यावर आटतं ते वेगळंच. एकाच कंपनीच्या, एकाच रंगाच्या, एकाच साइझच्या दोन पँट वेगळ्या बसल्या तर त्यात फसवणूक असेलच असं नाही.

मग साइझचे प्रकार वाढवत का नाहीत? वाढवून पाहा. दहा मापं, प्रत्येकात फक्त लहान, मध्यम, मोठं अशा तीन पायऱ्या धरल्या तरी 3 चा दहावा घात, 59,049 प्रकार. एवढा माल कोणी शिवणार नाही आणि कोणी ठेवणार नाही. म्हणून कारखान्यात एकच मधली साइझ एका माणसाच्या अंगावर नीट बसवतात आणि तिचा पॅटर्न ठरावीक अंतराने वाढवत-कमी करत बाकीच्या साइझ काढतात. याला ग्रेडिंग म्हणतात. ही मधली साइझ कोणाच्या अंगावर बसवली हे कंपनीगणिक वेगळं. पण अंग असं सगळीकडून सारखं वाढत नाही. पोट दहा सेंटिमीटरने वाढलं म्हणून खांद्याचं हाड रुंद होत नाही. त्यामुळे मधल्या साइझपासून जितकं दूर जाल तितकी चूक साठत जाते. मोठ्या साइझच्या शर्टाचा खांदा दंडावर उतरतो आणि मुंढा, म्हणजे बाही जोडतात ती जागा, खाली लोंबतो तो यामुळे.

हे कोडं सोडवायचा प्रयत्न सरकारी पातळीवर झाला होता. 1939-40 मध्ये अमेरिकी कृषी खात्याच्या गृह-अर्थशास्त्र विभागातल्या रूथ ओब्रायन आणि विल्यम शेल्टन यांनी जवळपास 15,000 स्त्रियांची प्रत्येकी 59 मापं घेतली. त्या काळी संगणक नाहीत, सगळी आकडेमोड हाताने आणि कार्डांवर. अहवाल 1941 मध्ये आला. त्यांच्या मते शरीराचा सर्वांत चांगला अंदाज देणारी जोडी होती उंची आणि वजन. म्हणजे एक माप लांबीच्या घराण्यातलं आणि दुसरं घेराच्या घराण्याचा प्रतिनिधी म्हणून! त्या कामात एक मोठं व्यंगही होतं, अंतिम आकडेवारीत फक्त गोऱ्या स्त्रिया धरल्या होत्या. पण दोन आकडे लागतात हे त्यांनी ओळखलं होतं. 1958 मध्ये या मापांवरून प्रमाण साइझ जाहीर झाल्या. त्यांत आकड्याबरोबर उंचीसाठी एक अक्षर आणि सीटसाठी अधिक-उण्याची खूण होती. पाळायची सक्ती नव्हती. व्यवहारात अक्षर-खुणा बहुतेक गळाल्या आणि आकडा तेवढा उरला. 1983 मध्ये ते प्रमाणही मागे घेतलं गेलं.

आणि मग आकडा सुटलाच. 1958 च्या प्रमाणात साइझ 8 म्हणजे छाती 31 इंच. 2011 च्या प्रमाणात, जे सरकारने नव्हे तर एका खासगी प्रमाण-संस्थेने ऐच्छिक म्हणून ठरवलं होतं, साइझ 8 ची छाती 36 इंचांच्या वर होती. आकडा तोच, कपडा पाच इंचांनी मोठा. बारीक स्त्रियांसाठी आकडे खाली खाली सरकत शून्यावर आले, आणि शून्यही अपुरं पडलं म्हणून 2011 च्या तक्त्यात 00 ही साइझ आली. एखाद्या मोजपट्टीवर शून्याच्याही खाली दुहेरी शून्य लिहावं लागतं, तेव्हा ती मोजपट्टी राहिलेली नसते.

ही घसरण एकाच दिशेने का होते हे समजायला सोपं आहे. एका कंपनीने आकडा एकाने कमी केला की तिच्या दुकानात आरशासमोर उभं राहणाऱ्याला बरं वाटतं. शेजारच्या कंपनीने आकडा तसाच ठेवला तर तिथे तोच माणूस जाड ठरतो. मग तीही उतरते. उलट दिशेने एकटं जायची कोणाचीच हिंमत होत नाही. 2014 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात असं दिसलं की नेहमीपेक्षा मोठी साइझ लागली की लोकांना तो कपडाच आवडेनासा होतो. मात्र सगळी घसरण खुशामतीच्या खात्यावर टाकणं अन्यायाचं आहे. माणसांचे सरासरी घेर गेल्या काही दशकांत खरोखर वाढले आहेत. 'मध्यम' ही साइझ आपल्या गिऱ्हाइकांच्या मध्यावर ठेवायची असं कोणी इमानदारीने ठरवलं, तरी तिची मापं वाढणारच.

इथे मला दोन गोष्टींबद्दल राग आहे तो बोलून टाकतो. एक म्हणजे 36-24-36 किंवा शरीराचं "सुवर्ण गुणोत्तर" असल्या गोष्टी शास्त्राच्या नावाखाली खपवणं. चार हजार निवडक तरुणांत दहा मापांना उतरणारा एक मिळाला नाही, तर आदर्श प्रमाणाच्या या मखरात बसायला कोण मिळणार? मुली त्यापायी उपाशी राहतात. दुसरी म्हणजे फोनवर दोन फोटो काढा, आमची कृत्रिम बुद्धिमत्ता तुमची अचूक साइझ सांगेल, ही जाहिरात. फोटोवरून शरीराचं माप काढता येईलही, पण समोरचा M प्रत्यक्षात किती सेंटिमीटरचा आहे हे कारखान्याने सांगितलंच नसेल, तर यंत्र काय अंतर्ज्ञानाने ओळखणार?

त्यापेक्षा साधा उपाय अनेक वर्षांपासून वापरात आहे. चीनमध्ये कपड्यावर 160/84A असं लिहिलेलं असतं. 160 सेंटिमीटर उंची, 84 सेंटिमीटर छाती, आणि A म्हणजे छाती व कंबर यांतला फरक. बायकांच्या कपड्यांत 14 ते 18 सेंटिमीटर. लांबीच्या घराण्यातलं एक, घेराच्या घराण्यातलं एक आणि घेराच्या घराण्यातल्या अंतर्गत मतभेदासाठी एक अक्षर. जपानमध्ये 9AR लिहितात: 9 म्हणजे छाती 83 सेंटिमीटर, A म्हणजे मध्यम सीट, R म्हणजे उंची 158. युरोपात ईएन 13402 नावाचं प्रमाण आहे, त्यात माणसाच्या छोट्या चित्रावर मापं सेंटिमीटरमध्ये दाखवायची असतात. या सगळ्यांत आकडा शरीराच्या ठरलेल्या मापाला बांधलेला आहे आणि त्या मापाला एकक आहे. सेंटिमीटरची खुशामत करायची तर उघड खोटं लिहावं लागतं.

भाचीला मी सांगितलं की मागवताना साइझ बघू नको, तुला नीट बसणारा ड्रेस सपाट अंथर. काखेखाली आडवं माप घे आणि दुप्पट कर, तसंच कमरेचं, मग सीटचं, मग खांद्यापासून खालपर्यंतची लांबी. हे चार आकडे फोनमध्ये ठेव आणि कपड्याच्या मापांच्या तक्त्याशी ताडून बघ. तक्ता शरीराचा आहे की कपड्याचा हे आधी वाच, कारण कपड्यात हालचालीसाठी सोडलेला लूज धरलेला असतो आणि दोन्हींत सहज आठ-दहा सेंटिमीटरचा फरक पडतो.

मग माझ्या तिन्ही पँट आतून उलट्या केल्या आणि 34 च्या शेजारी मार्करने लिहिलं: 88, 91, 94. सेंटिमीटर.