बीकेसीची खिडकी आणि फील्ड ऑफिसातलं टेबल

"मुलीचा ग्रीन कार्डाचा इंटरव्ह्यू आलाय मुंबईला. जावयांना सुट्टी काढून यावं लागेल ना?" एक मावशी विचारतात. त्याच आठवड्यात न्यू जर्सीतला भाचा विचारतो, "बायकोचा इंटरव्ह्यू आहे. मी तिला नुसतं गाडीनं सोडलं तर चालेल ना?" दोघांनी एकमेकांची उत्तरं पळवलीत. जावयांनी यायची गरज नाही. भाच्याला मात्र आत जाऊन बसावंच लागणार.

लग्नाच्या आधारावर ग्रीन कार्डाचे रस्ते दोन. जोडीदार भारतात असेल तर आय-१३० (अमेरिकेतल्या जोडीदारानं नात्याच्या आधारावर भरायचा अर्ज) मंजूर झाल्यावर फाइल नॅशनल व्हिसा सेंटरमार्गे अमेरिकन कॉन्सुलेटकडे येते आणि इमिग्रंट व्हिसासाठी मुंबईत बोलावतात. जोडीदार रीतसर व्हिसावर अमेरिकेत आलेला असेल तर सहसा आय-४८५ हा ग्रीन कार्डाचा अर्ज भरून तिथल्या तिथे स्टेटस बदलता येतं, आणि त्याचा इंटरव्ह्यू यूएससीआयएसच्या, म्हणजे अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या, फील्ड ऑफिसात होतो. या दोन्हींना सरसकट "स्टॅम्पिंग" म्हणणाऱ्यांशी वाद घालणं मी सोडून दिलंय.

बीकेसीतलं अमेरिकन कॉन्सुलेट तुम्हाला माहीत आहे. रांग, फाइल, काचेपलीकडचा अधिकारी. मेडिकल आधी ठरलेल्या डॉक्टरांकडे, पोलिस क्लिअरन्स, नवऱ्याचं आय-८६४, म्हणजे बायकोच्या आर्थिक जबाबदारीचं हमीपत्र. एवढंच सांगतो की टुरिस्ट व्हिसाच्या अनुभवी काकांना या कामापासून लांब ठेवा. "परत येणार म्हणून सांग" हा त्यांचा ठरलेला मंत्र. अहो, ती तिकडे कायमची राहायला चाललीय! इथला फ्लॅट आणि गावची शेती कशाला दाखवायची?

आता खरी गोम. मुंबईत खिडकीशी ती एकटी असते, त्यामुळे नवऱ्याबद्दलही तिलाच बोलावं लागतं. तो काय काम करतो, कुठे राहतो, आधी लग्न झालं होतं का, लग्नानंतर किती वेळा भेटलात. संसार अजून मांडलेलाच नसतो, तेव्हा जॉइंट अकाउंट कुठून आणणार? तिथे उपयोगी पडतात ते दोन्हीकडची माणसं दिसणारे लग्नाचे फोटो, त्याच्या येण्याजाण्याची तिकिटं, पासपोर्टवरचे शिक्के, फोन-मेसेजच्या नोंदी. लग्नपत्रिका सोबत असू द्या, पण ती विवाह नोंदणीच्या दाखल्याची जागा घेत नाही.

फील्ड ऑफिसात उलटं. तिथे दोघं शेजारीशेजारी बसतात आणि दोघांनाही शपथ घ्यावी लागते. अर्ज बायकोचा असला तरी आय-१३० नवऱ्यानं भरलेला, म्हणजे तोही तपासला जाणारच. तो आलाच नाही तर पुढची तारीख पडते, किंवा अर्ज नाकारलाही जाऊ शकतो. इथे कागद हवेत ते संसाराचे: दोघांच्या नावचा भाडेकरार, एकत्र भरलेला टॅक्स रिटर्न, विमा, घरखर्च खरोखर ज्यातून होतो ते खातं. इंटरव्ह्यूच्या आदल्या आठवड्यात उघडलेल्या जॉइंट अकाउंटपेक्षा दोन वर्षांची विजेची बिलं मी कधीही वर ठेवेन.

आणि याच ठिकाणी ती कुप्रसिद्ध शंभर प्रश्नांची पीडीएफ उगवते. पलंगाच्या कुठल्या बाजूला कोण झोपतं, टूथब्रशचा रंग कोणता. जोडपी रात्ररात्र ती पाठ करतात. नेहमीच्या इंटरव्ह्यूत दोघं एकत्र असतात आणि बराचसा वेळ अर्जातल्या तपशिलांवर जातो: नाव, पत्ता, आधीचे व्हिसा, कधी अटक झाली होती का, आणि हो-नाहीची ती लांबलचक यादी. मध्ये भेट कशी झाली, लग्न कुठे झालं, घरात कोण कोण आहे, एवढं साधं विचारतात. नवऱ्याला एका खोलीत नि बायकोला दुसऱ्या खोलीत बसवून तेच प्रश्न विचारायचे आणि उत्तरं ताडून पाहायची, हा प्रकार वेगळा. अधिकाऱ्याला शंका आली तर तो होतो. त्याची तयारी करून नेहमीच्या इंटरव्ह्यूला गेलं की माणूस घोकल्यासारखा बोलतो आणि नको ती शंका स्वतःच ओढवून घेतो. आठवत नसेल तर आठवत नाही म्हणावं. शपथेवर ठोकून दिलेलं उत्तर फार महाग पडतं. चहा-पोह्यांच्या कार्यक्रमात ठरलेलं लग्न असेल तर तेच सांगा. प्रेमकहाणी रचू नका. आणि प्रश्न बायकोला असेल तर नवऱ्यानं मध्ये तोंड घालू नये. आपल्याकडच्या पुरुषांना हे वेगळं सांगावं लागतं.

दोन्हीकडे सारखाच नडणारा एक अस्सल मराठी घोटाळा म्हणजे नाव. माहेरचं मधलं नाव जाऊन नवऱ्याचं आलेलं, आडनाव बदललेलं, वर कुणी हौसेनं तांदळात नवं नाव लिहिलेलं. पासपोर्टवर एक, दाखल्यावर दुसरं आणि पदवीवर तिसरं. वापरलेली सगळी नावं अर्जात लिहा आणि बदलाचा कागद जवळ ठेवा.

फिया, मेडिकलचे डॉक्टर वेगळे, वगैरे किरकोळ फरक पत्रातच लिहिलेले असतात. तारखेचा फरक मात्र लक्षात ठेवा. स्थायी रहिवासी होण्याच्या दिवशी लग्नाला दोन वर्षं झालेली नसतील तर कार्ड दोनच वर्षांचं, अटींसह मिळतं, आणि ते संपायच्या आधीच्या ९० दिवसांत आय-७५१ हा अटी काढून टाकण्याचा अर्ज भरावा लागतो. फील्ड ऑफिसच्या रस्त्यानं तो दिवस म्हणजे अर्ज मंजूर होण्याचा. मुंबईच्या रस्त्यानं तो इंटरव्ह्यूचा नाही, व्हिसा चिकटवल्याचाही नाही. अमेरिकेत पाऊल ठेवल्याचा. लग्नाचा दुसरा वाढदिवस पुढच्याच आठवड्यात असेल आणि व्हिसाची मुदत शिल्लक असेल, तर तिकीट आठ दिवस पुढे ढकला. विमानतळावर अधिकाऱ्याला लग्नाचा दाखला दाखवून तसं सांगा, कारण व्हिसावर जुनाच वर्ग छापलेला असतो.