ग्लुटेन-संवेदनशीलता, स्वनिदानित

गव्हाचे पदार्थ खाल्ल्यावर पोट फुगणे, गुबारा धरणे, पोटात दुखणे, शौचाची तक्रार, थकवा, डोके जड होणे अशी लक्षणे जाणवतात म्हणून त्यांचे कारण गव्हातील ग्लुटेन हे प्रथिनच आहे असे तपासणीविना ठरवणे आणि गहू सोडणे, याला स्वनिदानित ग्लुटेन-संवेदनशीलता म्हणतात. सिलिअक रोग (ग्लुटेनमुळे लहान आतड्याला होणारा विकार) आणि गव्हाची अ‍ॅलर्जी यांहून ती वेगळी. ती दोन्ही नाहीत असे तपासून ठरल्यावरही तक्रार राहिली, तर वैद्यक तिला ‘सिलिअकेतर ग्लुटेन-संवेदनशीलता’ म्हणते. स्वतःला ही संवेदनशीलता आहे असे सांगणाऱ्यांपैकी फार थोडे लोक या व्याख्येत बसतात. त्यांची तक्रार बहुधा खरी असते. आरोपी मात्र अनेकदा चुकीचा पकडलेला असतो.

ग्लुटेन हे एकच प्रथिन नव्हे. ग्लायाडिन आणि ग्लुटेनिन हे गव्हातील दोन प्रथिनगट पाण्यात मळले की एकमेकांत गुंतून चिवट जाळे तयार होते. पोळी लाटताना न फाटणे आणि पाव फुगणे या जाळ्यामुळे. बोलोन्याच्या याकोपो बेक्कारी यांनी १७२८ मध्ये कणीक पाण्याखाली धुऊन ते वेगळे करून दाखवले. हा प्रयोग घरीही होतो : १०० ग्रॅम मैद्याचा घट्ट गोळा अर्धा तास पाण्यात ठेवून नळाच्या बारीक धारेखाली चोळत राहावे. पाणी गढूळ येणे थांबले की स्टार्च गेला. हातात २५-३० ग्रॅमचा रबरासारखा ओला गोळा उरतो. वाळल्यावर त्याचे वजन साधारण तिसरा हिस्सा भरते. बार्लीत व रायमध्ये याच जातीची प्रथिने आहेत. ज्वारी, बाजरी, नाचणी, तांदूळ, मका, राजगिरा, वरई यांत सिलिअक रोग्याला बाधणारी प्रथिने नसतात. ३० ग्रॅम कणकेच्या एका पोळीत सुमारे अडीच ग्रॅम ग्लुटेन असते; पुढचे आकडे वाचताना हे माप लक्षात ठेवावे.

सिलिअक रोगात ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर उलटते. सॅम्युअल गी यांनी १८८८ मध्ये लंडनमध्ये रोगाचे वर्णन केले; गव्हाशी त्याचा संबंध डच बालरोगतज्ज्ञ विलेम-कारेल डिके यांनी १९५० च्या प्रबंधात मांडला. जगात सुमारे एक टक्का लोकांना तो असतो. भारतात चित्र सरसकट नाही. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत रक्तातील सिलिअकसूचक प्रतिपिंडे उत्तर भारतात १.२३ टक्के, ईशान्येत ०.८७ टक्के आणि दक्षिणेत ०.१० टक्के लोकांत आढळली. रोगाला लागणारी जनुके तिन्हीकडे साधारण सारखी होती. फरक ताटातल्या गव्हात होता. उत्तरेत रोजचा सरासरी गहू ४५५ ग्रॅम, तर दक्षिणेत २५ ग्रॅम.

लोकांची धारणा या आकड्यांच्या कितीतरी पुढे धावली. इंग्लंडमधील शेफील्ड येथे २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे हजार प्रौढांपैकी १३ टक्क्यांनी आपल्याला ग्लुटेन बाधते असे सांगितले. सिलिअकचे निदान झालेले ०.८ टक्के होते. अमेरिकेत २००९-१० ते २०१३-१४ या काळात सिलिअकचे प्रमाण जवळपास स्थिर राहिले, पण सिलिअक नसूनही ग्लुटेन टाळणारे ०.५२ वरून १.६९ टक्क्यांवर गेले. गॅलप या संस्थेच्या २०१५ च्या जनमत चाचणीत पाचांतल्या एका अमेरिकन प्रौढाने आपण आहारात ग्लुटेनमुक्त पदार्थ मुद्दाम घेतो असे सांगितले. टेनिसपटू नोव्हाक जोकोविचने ग्लुटेन सोडले आणि २०११ मध्ये चारपैकी तीन ग्रँड स्लॅम जिंकली, ही गोष्ट शेकडो शोधनिबंधांहून जास्त लोकांपर्यंत पोहोचली. हरितक्रांतीच्या बुटक्या वाणांनी गव्हातले ग्लुटेन वाढवले, हा समजही जोरात आहे. अमेरिकी गव्हाच्या विसाव्या शतकातील नोंदी तपासल्या तेव्हा तशी वाढ दिसली नाही.

मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातील गटाची गोष्ट इथे सर्वांत बोलकी आहे. २०११ मध्ये याच गटाने ३४ रुग्णांवर प्रयोग करून, सिलिअक नसलेल्यांनाही ग्लुटेन बाधते असे दाखवले, आणि जगभरच्या ग्लुटेनमुक्त चळवळीला शास्त्राचा आधार मिळाला. मग त्यांनी स्वतःच प्रयोग अधिक कडक केला. ३७ जणांच्या आहारातून आधी फॉडमॅप, म्हणजे आतड्यात नीट न शोषली जाणारी आणि आंबून वायू करणारी कर्बोदके, कमी केली. तेवढ्यानेच सगळ्यांना बरे वाटले. नंतर कोणाला काय दिले हे न सांगता रोज १६ ग्रॅम ग्लुटेन, २ ग्रॅम ग्लुटेन किंवा नुसते दुधातील प्रथिन दिले. ग्लुटेनचा म्हणून वेगळा परिणाम ८ टक्क्यांतच दिसला. हा निष्कर्ष २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आपलाच निकाल असा खोडून काढणारे संशोधक विरळा.

ऑस्लो येथील २०१८ चा प्रयोग त्यापुढचा. ग्लुटेन सोडून बरे वाटलेल्या ५९ जणांना आठवडाभर रोज एक मूस्ली वडी दिली : एकीत ५.७ ग्रॅम ग्लुटेन, दुसरीत २.१ ग्रॅम फ्रुक्टान, तिसरीत दोन्ही नाही. प्रत्येकाने तिन्ही खाल्ल्या. २४ जणांना सर्वाधिक त्रास फ्रुक्टानने, २२ जणांना काहीच नसलेल्या वडीने आणि १३ जणांना ग्लुटेनने झाला. फ्रुक्टान ही गव्हातलीच साखळी-साखर. ती कांद्यात आणि लसणातही भरपूर असते. म्हणून गहू सोडून आराम पडलेला माणूस कांद्याची भजी खाऊन पुन्हा फुगतो आणि भजीच्या पिठात मैदा होता की काय अशी शंका घेतो. चातुर्मासात कांदा-लसूण सुटल्यावर ज्यांचे पोट शांत होते, त्यांनी पोळीवर ठपका ठेवण्याआधी हे आठवावे.

दुसरे कारण अपेक्षा. अपाय होईल या खात्रीनेच अपाय जाणवणे, याला नोसिबो म्हणतात. २०१७ च्या एका आढाव्यात आंधळ्या (म्हणजे कोणाला काय दिले हे न सांगता केलेल्या) चाचण्यांतील केवळ १६ टक्के संशयितांना ग्लुटेनची विशिष्ट लक्षणे आली आणि ४० टक्क्यांना नोसिबोची. यात ढोंग नाही. पोट खरोखर दुखते. तिसरे कारण अगदी साधे : गहू सोडणारा पोळीबरोबर खारी, टोस्ट, बिस्किटे, पावभाजी, पिझ्झाही सोडतो. मग हलके वाटले तर श्रेय नेमके कोणाला द्यायचे?

तपासणीतली सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे आधी गहू सोडणे आणि मग डॉक्टरकडे जाणे. सिलिअकची पहिली चाचणी (रक्तातील टिश्यू ट्रान्सग्लुटामिनेज आयजीए, सोबत एकूण आयजीए; आयजीए हा प्रतिपिंडांचा एक प्रकार) ग्लुटेन खात असतानाच विश्वासार्ह असते. ते थांबवल्यावर प्रतिपिंडे उतरतात, आतडे भरून येऊ लागते आणि अहवाल खोटाच ‘निर्दोष’ येतो. एकूण आयजीए मोजतात कारण काहींच्या शरीरात ते मुळातच कमी असते आणि मग पहिली चाचणी फसते. गहू आधीच सुटला असेल, तर वैद्यकीय देखरेखीत रोज किमान ३ ग्रॅम ग्लुटेन, म्हणजे सव्वा पोळी, दोन ते आठ आठवडे खाऊन मग तपासावे लागते. पुन्हा गहू सोसवत नसेल तर जनुकचाचणीचा मार्ग उरतो : रोगाला लागणारी डीक्यू२ आणि डीक्यू८ ही जनुके दोन्ही नसतील तर सिलिअक जवळजवळ बाद, असतील तर मात्र काहीच सिद्ध होत नाही, कारण ती कितीतरी निरोगी लोकांतही असतात. औषधाने न हटणारा लोहाभाव, घटते वजन किंवा मुलांची खुंटलेली वाढ असेल तर घरगुती प्रयोगांत वेळ दवडू नये.

सिलिअक आणि अ‍ॅलर्जी बाद झाल्यावरच संवेदनशीलतेची पारख होते. तज्ज्ञांनी ठरवलेले सालेर्नो निकष (२०१५) सांगतात : सहा आठवडे ग्लुटेनमुक्त आहार, मुख्य तीन लक्षणांना दर आठवड्याला १ ते १० गुण, ३० टक्के उतार पडला तर पुढचा टप्पा. त्यात एक आठवडा रोज ८ ग्रॅम ग्लुटेन किंवा त्यासारखाच दिसणारा ग्लुटेनविरहित पदार्थ, एक आठवडा विराम, मग अदलाबदल. दोन्ही आठवड्यांच्या गुणांत किमान ३० टक्के फरक हवा. अडचण अशी की ग्लुटेनची पोळी चवीने आणि पोताने लगेच ओळखू येते, त्यामुळे घरी हा प्रयोग खऱ्या अर्थाने आंधळा होत नाही. घरी जमणारी जरा बरी पारख म्हणजे ज्वारीच्या भाकरीबरोबर भरपूर कांदा खाऊन पाहणे : त्रास झाला तर ग्लुटेनवरचा संशय बराच कमी होतो.

महाराष्ट्रात ग्लुटेन टाळणे युरोपाइतके अवघड नाही. भाकरी आहेच, आणि उपवासाचे वरई, साबुदाणा, राजगिरा, शिंगाडा हे सगळे ग्लुटेनविरहित. घोळ होतो तो आडवाटेने. डबीतल्या हिंगात बहुधा मैदा मिसळलेला असतो. थालीपिठाच्या भाजणीत अनेक घरांत गहू पडतो. गिरणीत गव्हामागोमाग दळलेली ज्वारी आदल्या पिठाचा अंश घेऊनच येते. संवेदनशील माणसाला एवढ्याने सहसा फरक पडत नाही, सिलिअक रोग्याला पडतो : ‘ग्लुटेनमुक्त’ लिहिण्यासाठी भारतातही मर्यादा किलोला २० मिलिग्रॅम आहे. अशा रोग्यासाठी दळण घरघंटीवर वेगळे हवे, परातही वेगळी.

खपली गहू ‘ग्लुटेन नसलेला’ म्हणून विकला जातो. तो दावा खोटा आहे. खपलीतही ग्लायाडिन असते. त्याचे ग्लुटेन कमकुवत, म्हणून कणीक कमी ताणली जाते. पण कमकुवत म्हणजे गैरहजर नव्हे. कोणाला खपली पचायला हलकी वाटत असेल तर खुशाल खावी, सिलिअक रोग्याने मात्र खपलीची खीरही वर्ज्य मानावी.