मायफळ आणि ओक वृक्ष : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्या काष्ठौषधींच्या दुकानातून बाळगुटीचे सामान नेणाऱ्या ग्राहकांना हळकुंड, वेखंड, सुंठ, ज्येष्ठमध यांची ओळख करून द्यावी लागत नाही. मायफळाच्या बाबतीत मात्र ते जायफळाच्या जातीतले एखादे फळ असावे, असाच समज बहुधा आढळतो. प्रत्यक्षात मायफळ हे फळ नाही, त्याचा जायफळाशी काही संबंध नाही आणि ज्या झाडावर ते तयार होते ते झाड महाराष्ट्राच्या रानात उगवत नाही. मायफळ येते ते ओक वृक्षाच्या एका जातीवर. हल्ली मोबाइलवर काहीबाही वाचून ओकची साल मिळेल का, ओकचे फळ खिडकीत ठेवल्याने घराचे रक्षण होते का, असे प्रश्नही दुकानात विचारले जातात. या सगळ्याचे उत्तर गर्दीच्या वेळी उभ्या उभ्या देणे शक्य नसते, म्हणून ते येथे सविस्तर दिले आहे.

मायफळ कसे तयार होते

तुर्कस्तान, सीरिया, इराक आणि इराण या देशांच्या डोंगराळ भागात ओकची एक ठेंगणी, झुडपासारखी जात वाढते. वनस्पतिशास्त्रात तिला क्वेर्कस इन्फेक्टोरिया म्हणतात. गांधीलमाशीच्या कुळातला एक अगदी लहान कीटक या झाडाच्या कोवळ्या कळीत अंडे घालतो. अंड्यातून बाहेर पडलेली अळी आतून पोखरू लागली की झाडाच्या पेशी तिच्याभोवती बेसुमार वाढतात आणि त्या जागी एक टणक गोल गाठ तयार होते. हीच गाठ म्हणजे मायफळ. गाठीच्या मधोमध अळीचे घर असते आणि त्याच्या भोवतीचा भाग टॅनिन नावाच्या अतिशय तुरट द्रव्याने भरलेला असतो. चांगल्या मायफळात वजनाच्या निम्म्याहून अधिक, काही वेळा सत्तर टक्क्यांपर्यंत टॅनिन सापडते. घरी अडकित्त्याने एखादे मायफळ मधोमध फोडून पाहिल्यास आतली पोकळी स्पष्ट दिसते आणि कधी कधी त्या पोकळीत वाळून गेलेला कीटकही मिळतो. तो पाहून घाबरण्याचे कारण नाही. बाळगुटीतली काकडशिंगी हीसुद्धा एका वेगळ्या झाडावरची, किड्यांमुळेच वाढलेली गाठ आहे.

ही गाठ कीटक बाहेर पडण्याआधी तोडली तर ती वजनदार, निळसर करडी किंवा हिरवट आणि चवीला कमालीची तुरट असते. कीटक भोक पाडून उडून गेल्यानंतर तोडलेली गाठ फिकट पिवळसर, हलकी आणि तुलनेने कमी तुरट असते. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक वैद्य डायोस्कोरिडीस याने हेच दोन प्रकार वर्णन केले असून बिनभोकाचे, घट्ट आणि खडबडीत ते अधिक गुणकारी असे म्हटले आहे. आमच्याकडे माल निवडताना आजही हीच पारख केली जाते. गंमत अशी की त्यानेही या गाठीला ओकचे फळच मानले होते, तेव्हा आपल्याकडच्या समजुतीला दोष देण्यात अर्थ नाही.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. आपल्याकडे बंगल्यांच्या आवारात आणि रस्त्यांच्या कडेला लावले जाणारे सिल्व्हर ओक हे झाड मुळात ऑस्ट्रेलियातले असून त्याचा खऱ्या ओकशी दूरचाही नातेसंबंध नाही. त्याची साल किंवा पाने ओकची म्हणून औषधात वापरू नयेत. खरे ओक पाहायचे असतील तर हिमालयात जावे लागते. गढवाल आणि कुमाऊँमध्ये बांज या नावाने ओळखली जाणारी जंगले ओकचीच आहेत, मात्र बाजारातले मायफळ तिथून येत नाही.

ओकविषयीच्या समजुती

युरोपात ओकला जो मान होता तो समजून घेण्यासाठी वीज लक्षात घ्यावी लागते. उंच, मोठ्या विस्ताराच्या ओकवर वीज वारंवार पडते आणि म्हणूनच ग्रीकांचा झ्यूस, रोमनांचा ज्युपिटर, जर्मन टोळ्यांचा डोनार, लिथुआनियाचा पेर्कूनास आणि स्लाव लोकांचा पेरून या मेघगर्जनेच्या सर्व देवांना हेच झाड वाहिलेले होते. ग्रीसच्या वायव्येकडील डोडोना येथे झ्यूसचा पवित्र ओक होता. त्याच्या पानांच्या सळसळीतून देव बोलतो अशी श्रद्धा होती आणि ती सळसळ ऐकून अर्थ सांगणारे पुजारी पाय न धुता जमिनीवर निजत, असे होमरच्या काव्यात म्हटले आहे. डोडोना येथे उत्खननात शिशाच्या लहान पट्ट्या मोठ्या संख्येने मिळाल्या आहेत. भाविकांनी आपले प्रश्न त्यांवर कोरलेले आहेत. मूल होईल का, अमुक मुलीशी लग्न करावे का, प्रकृती सुधारण्यासाठी कोणत्या देवाची प्रार्थना करावी, असे ते प्रश्न आहेत. आपल्याकडे देवाला कौल लावणाऱ्या माणसाला त्यातला एकही प्रश्न परका वाटू नये.

पुढे ख्रिस्ती धर्मप्रसारकांनी या श्रद्धेवर थेट कुऱ्हाड चालवली. इसवी सन 723 च्या सुमारास बोनिफेस याने जर्मनीतील हेसे प्रांतात गाइस्मार येथे डोनारचा ओक तोडला आणि त्याच लाकडातून प्रार्थनागृह उभारले. तरीही झाडाचा धाक आणि आधार दोन्ही लोकांच्या मनातून गेले नाहीत. ओकवर वीज पडते, म्हणून ओकचे फळ घरात असले की घरावर पडत नाही, असा उलटा तर्क इंग्लंडमध्ये रूढ झाला आणि खिडकीचे पडदे ओढण्याच्या दोरीला ओकच्या फळाच्या आकाराचे लाकडी गोंडे लावण्याची पद्धत पडली. हे गोंडे आजही विकले जातात. खिडकीत ओकचे फळ ठेवण्याचा प्रश्न ज्यांनी विचारला त्यांच्यासाठी उत्तर असे की हा शोभेचा भाग आहे. विजेपासून संरक्षण हवे असेल तर इमारतीवर वीजवाहक बसवून घ्यावा.

ड्रुइड नावाच्या केल्ट पुरोहितांविषयीची प्रसिद्ध हकीकत रोमन लेखक प्लिनी याने नोंदवली आहे. ओकवर वाढलेले मिसलटो हे बांडगूळ सापडले की चांद्रमासाच्या सहाव्या दिवशी पांढऱ्या वस्त्रातील पुरोहित झाडावर चढत असे, सोन्याच्या विळ्याने ते कापत असे, खाली पांढऱ्या कापडात ते झेलले जाई आणि दोन पांढरे बैल बळी दिले जात. हे बांडगूळ सर्व विषांवर उतारा आहे आणि त्याच्या पेयाने वांझ जनावरांना गर्भ राहतो, असे ते मानत. मिसलटो सफरचंदावर आणि इतर झाडांवर सहज मिळते, ओकवर ते क्वचितच दिसते, आणि तिथेच त्याचा मान वाढला असावा. आमच्याकडे मिसलटो विक्रीस नाही. ते कच्चे खाणे विषारी ठरू शकते आणि आपल्या आंब्यावरचे बांडगूळ ही त्याची बदली वस्तू नव्हे.

रोग झाडावर सोपवण्याची रीतही तिकडे होती. इंग्लंडमधील हर्टफर्डशायर परगण्यात बर्कहॅम्स्टेडजवळ काही ओक हिवतापासाठी प्रसिद्ध होते. रोग्याच्या केसांची बट झाडाच्या खोडात खुंटी ठोकून अडकवायची आणि मग रोग्याने हिसका देऊन डोके सोडवून घ्यायचे, म्हणजे केस आणि ताप दोन्ही झाडाकडे राहिले, असा तो उपाय. दातदुखीसाठी ओकच्या खोडात खिळा ठोकत. हिवताप मुळात पाळीपाळीने चढणारा आणि उतरणारा, त्यामुळे अशा उपायाचे श्रेय झाडाला मिळणे अवघड नव्हते.

खुद्द गाठीवरूनही भविष्य सांगत असत. जॉन जेरार्ड या इंग्रज वनस्पतिकाराने 1597 मध्ये केंट परगण्यातील शेतकऱ्यांची समजूत लिहून ठेवली आहे: ओकवरची वाळत आलेली गाठ फोडावी, आत मुंगी निघाल्यास धान्य भरपूर पिकेल, पांढरी अळी निघाल्यास गुराढोरांत रोगराई येईल आणि कोळी निघाल्यास माणसांत साथ पसरेल. गाठीत राहणारा मूळ कीटक निघून गेला की रिकाम्या घरात मुंग्या आणि कोळी शिरतात, एवढाच त्यामागचा व्यवहार आहे.

औषधी उपयोग : काय खरे

समजुती बाजूला ठेवल्या तरी तुरटपणा उरतो आणि औषधाचे काम तोच करतो. टॅनिन हे द्रव्य प्रथिनांना चिकटून त्यांना घट्ट करते. कातडे कमावताना ओकची साल वापरतात ती याच गुणासाठी. तोंडाच्या आतल्या नाजूक त्वचेवर किंवा सुजलेल्या हिरडीवर टॅनिन लागले की तिथला वरचा थर आकसतो, स्राव कमी होतो आणि बारीक रक्तस्राव थांबण्यास मदत होते. युरोपीय औषध संस्थेने ओकच्या सालीला सौम्य जुलाब, तोंडातील व त्वचेचा किरकोळ दाह आणि मूळव्याधीची खाज व जळजळ यांसाठी पारंपरिक वापराचे औषध म्हणून मान्यता दिलेली आहे. मात्र ही मान्यता दीर्घ काळच्या वापरावर आधारलेली आहे, मोठ्या चाचण्यांवर नव्हे, हेही ध्यानात घ्यावे. ब्रिटिश औषधकोशात एके काळी मायफळ आणि अफू यांचे मलम मूळव्याधीसाठी समाविष्ट होते. मलेशियात बाळंतिणींना मायफळ देण्याची प्रथा आहे आणि आपल्याकडे दंतमंजनात ते तुरटीबरोबर घातले जाते.

घरगुती वापरासाठी आम्ही एकच प्रकार सुचवतो. मायफळाचे वस्त्रगाळ चूर्ण चिमूटभर घेऊन पेलाभर पाण्यात उकळावे, निवल्यावर गाळून त्याने गुळण्या कराव्यात आणि पाणी गिळू नये. हिरड्यांतून रक्त येणे किंवा तोंड येणे यासाठी तीन-चार दिवस हे करण्यास हरकत नाही. त्यानंतरही त्रास राहिला तर दंतवैद्यांना दाखवावे, कारण तुरट गुळण्यांनी रक्त थांबते, पण दातांवरचे कीटण निघत नाही. पोटात घ्यावयाचे असल्यास ते वैद्यांच्या सल्ल्यानेच घ्यावे. टॅनिन लोहाला बांधून ठेवते, त्यामुळे रक्तक्षयासाठी लोहाच्या गोळ्या घेणाऱ्यांना, विशेषतः गरोदर स्त्रियांना, मायफळ पोटात घेणे अडचणीचे ठरते. इतर औषधांचे शोषणही त्याने लांबते. बद्धकोष्ठाची तक्रार असणाऱ्यांनी ते टाळावे. जुलाबात रक्त पडत असेल किंवा ताप असेल तर मायफळाने जुलाब दाबण्याचा प्रयत्न करू नये.

भाजलेल्या जखमेवर मायफळाची पूड लावावी काय, असे विचारणारे पुष्कळ आहेत. लावू नये. हा उपाय केवळ आजीबाईंचा नव्हता. 1925 मध्ये अमेरिकेत डेट्रॉइट येथे एडवर्ड डेव्हिडसन या शल्यविशारदाने भाजलेल्या रुग्णांवर टॅनिक आम्लाचा उपचार सुरू केला आणि पुढची पंधरा-सोळा वर्षे तो अनेक देशांतील रुग्णालयांत चालला. जखमेवर कडक खपली धरत असे आणि अंगातले पाणी झिरपणे कमी होत असे, म्हणून तो यशस्वी वाटला. पण उघड्या जखमेतून शोषले गेलेले हे द्रव्य यकृताला इजा करते असे दिसून आल्यावर 1940 च्या दशकात तो सोडून देण्यात आला. भाजल्यावर वाहते थंड पाणी आणि डॉक्टर, एवढेच पुरे.

बाळगुटीसंबंधी

बाळगुटीत मायफळ घालण्याचे कारण बाळाची शी पातळ झाली तर ती बांधली जावी हे आहे. सहाणेवर आईच्या दुधात मायफळाचा एखादाच वेढा द्यावा आणि हिरड्याचे वेढे बाळाच्या पोटाप्रमाणे कमीजास्त करावेत, असा हिशोब घराघरांतल्या ज्येष्ठ बायका पाळत आल्या आहेत. त्यांच्या हाताच्या अंदाजात मात्रा राखली जात होती. तयार पूड चमच्याने देण्यात ती राखली जात नाही. म्हणून आम्ही बाळगुटीसाठी मायफळाची पूड देत नाही. याखेरीज पहिले सहा महिने बाळाला आईच्या दुधाशिवाय काहीही, अगदी पाणीसुद्धा, देऊ नये असा जागतिक आरोग्य संघटनेचा आणि आपल्याकडील बालरोगतज्ज्ञांचा सल्ला आहे. न धुतलेली सहाण आणि न उकळलेले पाणी यांतूनच बाळाला जुलाब होण्याचा धोका अधिक असतो. आम्ही बाळगुटीचे सामान विकतो, तरीही ती सुरू करण्यापूर्वी बाळाच्या डॉक्टरांना विचारावे आणि बाळाला जुलाब होत असताना घरी मायफळ उगाळत बसू नये, असे स्पष्टपणे सांगणे आम्हाला योग्य वाटते.

पारख आणि साठवण

मायफळ सुपारीहून लहान, साधारण एक ते अडीच सेंटिमीटर व्यासाचे असते, त्याला आखूड देठ असतो आणि पृष्ठभागावर बारीक टेंगळे असतात. एका बाजूला सुबक गोल भोक दिसल्यास ते किडलेले मायफळ समजून परत आणू नये. त्या वाटेने मूळ कीटक बाहेर पडलेला असतो. असे मायफळ कमी तुरट असल्याने आम्ही ते वेगळे काढून कमी दरात देतो. भोके अनेक असतील किंवा हातावर भुगा गळत असेल, तर मात्र ती साठवणीतली कीड आहे आणि तसा माल आम्ही बदलून देतो. बाजारात माई या नावाने झाऊच्या झाडावरच्या लहान गाठी मिळतात, त्या तुरट असल्या तरी वेगळ्या आहेत.

ओले मायफळ लोखंडी सुरीला किंवा तव्याला लागले की निळसर काळा डाग पडतो. टॅनिन आणि लोह यांच्या याच संयोगातून युरोपात शतकानुशतके लिहिण्याची शाई केली जात होती आणि उत्तर हिंदुस्थानातील स्त्रिया दात काळे करण्यासाठी मिस्सी बनवत. डाग पडला म्हणजे माल अस्सल असे मात्र समजू नये, कारण हिरड्यानेही तसाच डाग पडतो. मायफळ उगाळण्यासाठी दगडी सहाणच वापरावी आणि कपड्यावर डाग पडू नये म्हणून लोखंडी भांड्यात काढा करू नये.

उगाळून झाल्यावर मायफळ स्वच्छ धुऊन, कोरड्या फडक्याने पुसून, पूर्ण वाळल्याशिवाय डब्यात ठेवू नये. पावसाळ्यात त्याच्यावर पांढरी बुरशी धरते आणि बुरशी धरलेले मायफळ घासून पुन्हा वापरण्याजोगे राहत नाही, ते टाकून द्यावे. चूर्ण काचेच्या घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावे आणि गुठळ्या झाल्यास वापरू नये. इतर काही शंका असल्यास शंका असलेले मायफळ सोबत घेऊन दुकानात यावे, म्हणजे ते फोडून आतला भाग आपल्यासमोरच पाहता येईल.