एक मिलिमीटरचा फोकस

घरामागच्या लिंबाच्या पानावर बसलेला ठिपक्यांचा ढालकिडा (लेडीबर्ड) साधारण सहा मिलिमीटर लांब असतो. कॅमेऱ्याच्या सेन्सरवर त्याची प्रतिमाही तेवढीच, सहा मिलिमीटरची पडली की छायाचित्रकार म्हणतात, ‘वन इज टू वन’ मिळालं. मॅक्रो फोटोग्राफी खऱ्या अर्थाने इथून सुरू होते. या छंदात नव्याने आलेल्यांना वाटतं की किडा मोठा दिसणं हीच अवघड गोष्ट आहे. खरी अडचण वेगळीच आहे. ३६ बाय २४ मिलिमीटरच्या सेन्सरवर, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्समधलं छिद्र एफ-८ ठेवून (आकडा मोठा तितकं छिद्र बारीक) हा फोटो काढला, तर जेमतेम एक मिलिमीटर जाडीचा थर स्पष्ट येतो. समोरून टिपलेल्या ढालकिड्याचं तोंड रेखीव येतं आणि पाठ धुक्यात जाते. प्रतिमा दुप्पट मोठी केली, की तो थर ०.४ मिलिमीटरहूनही पातळ होतो. परसातल्या किड्यांचे फोटो काढणाऱ्यांच्या जवळजवळ साऱ्या युक्त्या या एका पातळ थरासाठी असतात.

अ‍ॅपर्चर आणखी बारीक केलं तर? थर जाड होतो, हे खरं. पण वन इज टू वनला लेन्स सेन्सरपासून इतकी पुढे सरकलेली असते, की एफ-१६ हे प्रत्यक्षात एफ-३२ सारखं वागतं. एवढ्याशा छिद्रातून जाताना प्रकाशलहरी पसरतात आणि प्रत्येक बिंदूची छोटी चकती होते. एफ-८ला हिरव्या प्रकाशाची ही चकती सुमारे ०.०२ मिलिमीटरची असते, एफ-१६ला ०.०४ मिलिमीटरची. म्हणजे किड्याचा जास्त भाग फोकसमध्ये येतो खरा, पण सगळंच थोडं थोडं बोथट होतं. कितीही महाग लेन्स घेतली तरी हा नियम सुटत नाही. म्हणून बहुतेक जण एफ-८ ते एफ-११ च्या आसपास थांबतात आणि उरलेलं काम कोनावर सोडतात. पंख मिटून बसलेलं फुलपाखरू बरोबर बाजूने, सेन्सरला समांतर धरलं, तर तो एक मिलिमीटर अख्ख्या पंखाला पुरतो.

दुसरा उपाय म्हणजे स्टॅकिंग. फोकस केसभर पुढे सरकवत एकामागून एक फोटो घ्यायचे आणि प्रत्येकातला स्पष्ट भाग संगणकाने जोडायचा. त्यासाठी किडा जागेवर हवा, म्हणून पहाटे उठावं लागतं. कीटकांच्या शरीराचं तापमान बरंचसं भोवतालच्या हवेवर ठरतं आणि उडण्याचे स्नायू तापल्याशिवाय नीट चालत नाहीत. हिवाळ्यातल्या पहाटे गवताच्या काडीला बिलगलेले चतुर आणि टाचण्या (चतुरासारखेच, पण सडपातळ कीटक) दवाने भिजलेले असतात. ऊन अंगावर येईपर्यंत ते जागचे हलत नाहीत. काही जण हाच गारठा घरी आणतात, किडा फ्रीजमध्ये ठेवून सुन्न करतात आणि मग फोटो काढतात. मला हे अजिबात मान्य नाही. त्यात जिवाला धोका आहेच, पण फोटोही खोटा होतो. सुन्न किड्याच्या मिशा कशाही पडलेल्या असतात, पाय चुकीच्या कोनात दुमडलेले असतात. जाणकाराला ते लगेच कळतं.

परसातले किडे मोठे करून पाहण्याची हौस जुनी आहे. अमेरिकेत मेरीलँडमध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ डेव्हिड फेअरचाइल्ड आणि त्यांची पत्नी मॅरियन (ही टेलिफोनवाल्या अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांची मुलगी) यांनी १९१०च्या दशकात आपल्या बागेतल्या किड्यांचे मोठे फोटो काढले. त्यांचा कॅमेरा बारा फूट लांब होता. एवढी लांबी लागली, कारण लेन्स आणि फोटो जिच्यावर उमटतो ती काच यांतलं अंतर जितकं वाढवावं तितकी प्रतिमा मोठी होते. आजची एक्स्टेन्शन ट्यूब त्याच नियमावर चालते. ५० मिलिमीटरच्या साध्या लेन्समागे ५० मिलिमीटरची पोकळ नळी लावली की वन इज टू वन मिळतं. नळीत काचही नसते, त्यामुळे ती स्वस्त असते. जुनी ५०ची लेन्स उलटी बसवणारी रिंग त्याहून स्वस्त. मोबाइलवर चिमट्याने लावायची मॅक्रो लेन्सही सुरुवातीला पुरेशी आहे. मोबाइलचा सेन्सर लहान असल्याने तेवढ्याच चौकटीत स्पष्ट थर उलट जाड मिळतो.

लेन्सपेक्षा पैसे आणि विचार दोन्ही खर्च करावेत ते उजेडावर. मधमाशी सेकंदाला सुमारे २३० वेळा पंख हलवते. छोटा फ्लॅश कमी ताकदीवर वापरला, तर त्याचा झोत सेकंदाच्या दहा हजाराव्या भागाइतका किंवा त्याहूनही कमी काळ टिकतो. त्यामुळे हात थरथरला, वाऱ्याने पान हललं, तरी फोटो स्थिर येतो. पण उघडा फ्लॅश ढालकिड्याच्या चकचकीत पाठीवर पांढरा डाग पाडतो. मध्ये ट्रेसिंग पेपर किंवा सामानाच्या खोक्यातला पांढरा फोम धरला, तर प्रकाशाचा स्रोत किड्याच्या मानाने मोठा होतो आणि डाग जाऊन खरा रंग उमटतो. हा कागद किड्याच्या जितका जवळ, तितका उजेड मऊ. फक्त सावली किड्यावर पडू देऊ नका. संयुक्त डोळे हालचाल फार चटकन टिपतात, आणि अंगावर अचानक आलेली सावली म्हणजे कीटकासाठी पक्षी.

एवढं सगळं कशासाठी करायचं? प्रार्थनाकीटकाच्या डोळ्यात बघा. हिरवट डोळ्यात एक काळा ठिपका दिसतो आणि तुम्ही सरकाल तसा तोही सरकतो, जणू तो तुमच्यावर नजर ठेवून आहे. खरं तर त्या डोळ्यात बाहुली नाहीच. डोळा बनलाय अनेक बारीक नळ्यांचा. त्यांतल्या ज्या नळ्या नेमक्या तुमच्या लेन्सकडे रोखलेल्या असतात, त्या आत आलेला प्रकाश शोषून घेतात आणि काळ्या दिसतात. बाजूच्या तिरप्या नळ्या तो परतवतात. म्हणजे या क्षणी कोणत्या नळ्यांना तुम्ही दिसताय, ते फोटोच सांगतो. फुलपाखराच्या पंखाचा रंगही असाच उलगडतो. जवळून पाहिलं की कौलारू छपरावरच्या कौलांसारखे एकावर एक बसलेले खवले दिसतात, सुमारे ०.१ मिलिमीटर लांबीचे. नुसत्या डोळ्यांना दिसणारी सगळी नक्षी या खवल्यांनी मिळून बनलेली असते.

लिंबाच्या पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली तर ती पुसू नका, आधी लेन्स लावा. तपकिरी-पांढरी ती वस्तू अनेकदा पॅपिलिओ वंशातल्या फुलपाखराची लहान अळी असते. शेवटच्या कातीनंतर ती हिरवी होते, पानात मिसळून जाते आणि धोका वाटला की डोक्यामागून दुभागलेलं, उग्र वासाचं मांसल शिंग बाहेर काढते. त्या शिंगासाठी अळीला काडीने टोचणारे लोक आहेत. टोचू नये. वाट पाहिली तर एखादी मुंगी तिच्याशी खेटते आणि तो प्रसंग आपोआप घडतो.

कोकणातल्या आंब्यावर मात्र घाई झाली की डोळे फसतात. पानं विणून घरटी करणाऱ्या लाल हुमल्यांच्या (एक प्रकारच्या मुंग्यांच्या) रांगेजवळ त्यांच्याच रंगाचा, त्यांच्यासारखाच सडपातळ एक प्राणी फिरत असतो. तो पुढचे दोन पाय मुंगीच्या मिशांसारखे वर धरतो. डोक्याच्या दोन्ही बाजूंना मुंगीच्या डोळ्यांसारखे काळे डागही असतात. फोटो मोठा करून पाय मोजले की आठ भरतात, आणि चेहऱ्यावर पुढे दोन मोठे गोल डोळे चमकतात. हा उड्या मारणाऱ्या कोळ्यांच्या कुळातला, मुंगीचं सोंग घेणारा कोळी. हुमले चावतात, अंगावर आम्ल सोडतात, म्हणून बरेच शिकारी त्यांच्या वाटेला जात नाहीत आणि त्याचा फायदा या कोळ्याला मिळतो. त्याला हुसकावलं तर तो रेशमाच्या धाग्यावरून खाली लोंबकळतो. मुंगी असं कधी करत नाही.

असा कोळी दिसला, तर वरून एक आणि चेहऱ्यासमोरून एक, असे दोन फोटो तरी घ्या. झाडाचं नाव, तारीख आणि ठिकाण लिहून ठेवा. ओळख पटवणाऱ्याला डोळ्यांची मांडणी आणि जबड्यांचा आकार पाहावा लागतो. नराचे जबडे लांब पुढे आलेले असतात, इतके, की तो चक्क दुसऱ्या मुंगीला तोंडात धरून चाललेला हुमला वाटतो.