पार्श्वभूमी : बालमंदिरातली मुलं आणि ‘विशेष’ शब्दाचा घोळ

बेळगाव मुंबई राज्यात होतं तोवर मुलांच्या संस्था मुंबईच्या बालक कायद्याखाली चालत. 1956 ला जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, 1964 ला त्या राज्याचा स्वतःचा बालक कायदा आला. कागदावर बालमंदिर (आधार नसलेल्या मुलांचं निवासगृह), वीक्षणालय (प्रकरणाची चौकशी चालू असलेल्या मुलांचं निरीक्षणगृह) हे शब्द रुळले. मराठी घरांतून ‘रिमांड होम’ काही गेलं नाही.

खरा घोळ 1986 पासूनचा. गुन्हा शाबीत झालेल्या मुलांच्या संस्थेला त्या वर्षीच्या केंद्रीय बाल न्याय कायद्याने ‘विशेष गृह’ म्हटलं, आणि 2015 च्या बाल न्याय कायद्यातही, कलम 48 मध्ये, ते नाव टिकलं. त्याच कायद्याचं कलम 53 संस्थेतल्या मुलांसाठी गरजेप्रमाणे ‘विशेष शिक्षण’, म्हणजे दिव्यांग मुलांना लागणारं वेगळं शिक्षण, सांगतं. शिक्षणहक्क कायद्यातलं ‘विशेष प्रशिक्षण’ आणखी तिसरंच: शाळा सुटलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवण्याची तयारी. म्हणजे विशेष गृहातला मुलगा दिव्यांग असेलच असं नाही, आणि विशेष प्रशिक्षण झालेल्या मुलीला विशेष शिक्षण मिळालं असंही नाही. अहवालात ‘विशेष शिक्षण : होय’ दिसलं की त्यातलं कोणतं, हे विचारावंच लागतं. त्यात खाती तीन. बालमंदिर महिला व बालविकासाकडे, विशेष शाळा दिव्यांग खात्याकडे आणि तालुकाभर फिरून शाळांतल्या दिव्यांग मुलांना शिकवणारे बीआयईआरटी शिक्षक शिक्षण खात्याकडे. मुलाचं नाव कुठल्या शाळेच्या पटावरच नसेल, तर या शिक्षकांच्या यादीत ते येणार कुठून?

चाचणीचा पेच मात्र सीमाभागाचा स्वतःचा. बुद्ध्यांक मोजणारी बिने-कामत कसोटी मराठी आणि कानडी दोन्हींत आहे, तीही धारवाडकडच्याच मुलांवर बेतलेली. तरी खानापूरच्या मराठी मुलाला प्रश्न कानडीत विचारले, तर मोजली जाते ती भाषा. बुद्ध्यांकाचं गणित साधं: मानसिक वय भागिले खरं वय, गुणिले 100. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला नसला तर वय शेवटी हाडांच्या तपासणीवर ठरतं, आणि तिथे दोनेक वर्षं इकडेतिकडे होतात. मानसिक वय 7 निघालं, तर खरं वय 9 धरल्यास 78, 11 धरल्यास 64. मूल तेच, पण 70 च्या खाली गेलं की ते बौद्धिक अक्षमतेकडे झुकतं. प्रमाणपत्रासाठी रोजच्या व्यवहाराची मोजणीही लागते. संस्थेत वाढलेल्या मुलाला कधी दुकानातून सुटे पैसे मोजून आणायला कुणी पाठवलेलंच नसतं. माहिती देणारी काळजीवाहकही त्याला दोन महिन्यांपासून ओळखणारी.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्याने प्रकार 7 चे 21 केले, त्यांत अध्ययन अक्षमताही (वाचन, लेखन, गणित शिकण्यातली अडचण) आली. पण तिचं प्रमाणपत्र आठव्या वर्षाआधी नाही, आणि 14 व 18 ला फेरतपासणी. मूल कुठे राहील हे ठरवणाऱ्या बालकल्याण समितीने अंतिम आदेश चार महिन्यांत द्यायचा असतो. तेवढ्यात मूल कोल्हापूरला, घरच्या जिल्ह्यात, पाठवलं गेलं की बाल न्याय नियमांच्या नमुना 7 मधला त्याचा संगोपन आराखडा सोबत जातो. तो कानडीत असला आणि तिकडे वाचणारं कुणी नसलं, तर चाचणी पुन्हा पहिल्यापासून.