युरिक ॲसिड वाढलं म्हणजे गाऊटच का?

‘युरिक ॲसिड वाढलंय, सांधे त्यामुळेच दुखतात’ हा समज वर्षानुवर्षे फॉरवर्ड होतोय. असं वाटणं साहजिक आहे; रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक छापलेला दिसला की नजर तिथेच अडकते.

पण रक्तात युरिक ॲसिड जास्त असलेल्या बहुतेकांना गाऊट, म्हणजे त्याच्या स्फटिकांमुळे होणारा संधिवात, कधीच होत नाही. साधारण ६.८ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या वर ते पूर्ण विरघळून राहत नाही आणि सांध्यात त्याचे स्फटिक साचू शकतात. साचतीलच असं नाही. गंमत म्हणजे उलटंही घडतं: ऐन दुखण्यात हा आकडा नॉर्मल येऊ शकतो. म्हणून दुखणं ओसरल्यावर दोनेक आठवड्यांनी तपासणी पुन्हा करतात.

खात्रीच हवी तर सांध्यातलं पाणी काढून खास सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. त्यात सुईसारखे टोकदार स्फटिक दिसले की निदान पक्कं.

दुखण्याची तऱ्हाही बोलकी असते. गाऊट बहुधा एका रात्रीत उसळतो: पायाचा अंगठा लालबुंद, चादरीचा स्पर्शही सोसवत नाही. दोन्ही हातांची बोटं रोज सकाळी तासभर आखडत असतील, तर आधी आमवाताची तपासणी करून घ्यावी.